कल्ल्यातले भाडेकरू

आप्पा, तुमचा अंगठा अजून माझ्या कपाटात आहे.

हे वाक्य आमच्या प्राचार्यांच्या हाती लागलं तर ते आधी मला रजेवर पाठवतील आणि मग पोलिसांना फोन करतील. पण तुम्हाला माहीत आहे, अंगठा म्हणजे हाडामांसाचा नव्हे, अंगठ्यावरची वस्ती. चार वर्षांपूर्वी मी तुमच्या ओटीवर बसून, खारट जेली ओतलेली काचेची प्लेट कशासाठी असते ते ऐटीत समजावत होतो. तुम्ही नुकताच बोय माशाच्या कल्ल्यातून काढलेला अंगठा त्या जेलीवर टेकवून मोकळे झालात. "घे मास्तर, सहीच्या जागी अंगठा." तुमच्या कारभारीण ठकूमावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, आणि प्लेट फेकायची सोडून कॉलेजात घेऊन आलो.

तिच्यावर जे उगवलं ते मी नळीत जपलं. दर महिन्याला सुईच्या टोकावर थोडं घेऊन नव्या नळीत, नव्या जेलीवर लावतो. नळीवर माझ्या अक्षरात तुमचं नावगाव लिहिलंय: जोमा, खारबाव. तुम्हाला फ्रिजमध्ये ठेवता येत नाही, गारठून मरता. मीठ कमी पडलं की फुगून फुटता. म्हणून स्टोअररूमच्या लाकडी कपाटात, भरपूर मिठावर. तुम्ही गेलात त्या आठवड्यात नेमकी नळी बदलायची पाळी होती. बदलली. तुम्ही गेल्याचं तिकडे कोणी कळवलं नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही छान उगवला होतात.

आपली ओळखच माझ्या गाढवपणातून झाली. पाण्याचा खारटपणा बदलला की माशाच्या कल्ल्यांवर राहणाऱ्या जिवाणूंचं काय होतं, हा माझा पीएचडीचा विषय. खाडीकाठच्या माणसाला हे सांगून बघावं. पहिले आपल्याकडे बघतात, मग आपल्या चपलांकडे. मी भिवंडीहून तुमच्या खाजणाच्या बांधावर उतरलो तेव्हा हातात बर्फाचा डबा, कापसाच्या काड्या आणि खारटपणा मोजायचं यंत्र होतं. यंत्र मी उलटं धरलं होतं. तुम्ही पाण्यात बोट बुडवलंत, जिभेला लावलंत. "तांब्याला दोन चिमट्या मीठ. परवाची भरती हाय ही." मी यंत्र सुलटं करून पाहिलं. काय निघालं ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. आज सांगतो, तुम्ही बरोबर होतात.

खाजणातलं ते मासळीचं तळं सात घरांच्या सामायिक मालकीचं. एका अंगाला खाडी, तिकडे उघाडी. म्हणजे फळ्या एकावर एक सरकवलेलं दार, भरतीचं पाणी हवं तेवढं आत घ्यायला. दुसऱ्या अंगाला शेतं, तिकडे छोटं दार, त्याच्यामागे अडवलेलं गोडं पाणी. दोन्ही दारं तुमच्या हातात. फळ्या उचलायची लोखंडी आकडी तुमच्या वडिलांकडून तुमच्याकडे आलेली, आणि मावशी ती देव्हाऱ्याच्या शेजारी टांगून ठेवायच्या.

मासा हातात आला की तुम्ही कल्ल्याची झापड अंगठ्यानं उचलायचात, आत फिरवायचात आणि अंगठा नाकाशी धरायचात. "हा काल आत आला. हा जुना, आपल्या पान्यातला." मी विचारलं, कशावरून? "आत कोन रातो त्याचा वास." आप्पा, हे वाक्य मराठीत म्हणालात म्हणून राहिलं. इंग्रजीत म्हटलं असतंत तर तुम्हाला माझ्याआधी डॉक्टरेट मिळाली असती.

तुम्हाला समजावं म्हणून मी आमच्या भिवंडीचा दाखला दिला. कल्ला म्हणजे लूमवाल्यांची चाळ. खोलीत दहा माणसं, दिवसपाळीची झोपतात तेव्हा रात्रपाळीची कामावर. खाऱ्या पाण्यात एका गावचे भाडेकरू, गोड्यात दुसऱ्या गावचे. पाणी बदललं की भाडेकरू बदलतात. तुम्ही मान हलवलीत. "मंग घरमालक कोन? मासा?" मी म्हटलं, हो. "त्याला भाडं काय मिळतं?" यावर मी दोन प्रकरणं लिहिली आहेत, तरी उत्तर आलेलं नाही. बहुधा एवढंच, की साधे भाडेकरू जागा अडवून बसतात म्हणून वाईट शिरत नाहीत.

तुमची नळी एकदा दुपारी पेटली, ते तुम्हाला सांगितलं होतं. वीज गेली होती. भिवंडीत लूम बंद पडले की शांतता येत नाही, कान गेल्यासारखं वाटतं. मी मीठ आणायला स्टोअररूममध्ये शिरलो. तिथे खिडकी नाही. कपाटाचं दार उघडं होतं, आणि आत तुमच्या नावाच्या नळीत उजेड होता. निळसर, थंड, न लवणाऱ्या पापणीसारखा. विज्ञानाचा माणूस म्हणून नमूद करतो की मी घाबरलो नाही. हातातली बाटली फुटली ती ओली होती म्हणून. आमच्या लॅबमधल्या रफिकभाईंच्या अंगावर पडलो तो ते मागे उभे होते म्हणून.

"सर, ये किसका है?"

"खारबाव के एक काका का."

"जिंदा हैं?"

"हैं."

"तो अभी से क्यूँ जल रहे हैं?"

खाडीतले काही जिवाणू असे उजळतात. गर्दी हवी आणि मीठ हवं. मीठ काढलं की विझतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकात नळीवर तुमचं नाव नव्हतं. तुम्ही ऐकलंत आणि एवढंच म्हणालात, "मला दाव एकदा."

आता दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्याबद्दल. इथपर्यंत विनोद करत आलो ते हे लांबवायला, तुम्ही ओळखलं असेलच.

उन्हानं तळं आटून खारं झालं होतं. जिताडा माशांच्या कल्ल्यांवर चिकट थर आला होता, काही मासे सुस्त होते. मी कापूस फिरवला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि निकाल दिला: मिठात फोफावणारे जिवाणू आहेत, गोडं पाणी सोडा, मरतील. जिताडा काय, दोन्ही पाण्यांत जगतो. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, आप्पा. दोन खऱ्या वाक्यांची बेरीज करून मी सात घरांचे मासे मारले.

तुम्ही म्हणाला होतात, "सोडू. पन सहा भरत्या घे. एक फळी, एक भरती."

"आप्पा, सोमवारपासून माझी पेपर तपासणी आहे."

"मंग माशांना सांग सोमवारचं."

शनिवारी खाडीपल्याडच्या पाड्यावर तुमच्या पुतणीची हळद होती. हळद म्हटल्यावर गावात कोण राहतं? टेम्पो भरभरून सगळे गेले. तुम्ही जाताना मला म्हणालात, "मी आल्यावर बगू." मी मान हलवली. मान हलवणं हा माझा जुना रोग आहे.

भर दुपारी मी एकटा बांधावर गेलो. घरांना कड्या. पार पलीकडून हळदीच्या गाण्यांचा नुसता धडधडाट येत होता, चाल नाही, शब्द नाहीत. गोड्या बाजूच्या फळ्या मी सगळ्या काढल्या, एका दमात, हातानंच. पाणी आवाज न करता आलं. खाऱ्या पाण्यावर पसरलं, काचेवर काच ठेवावी तसं.

आणि मग ते दिसले. जिताडा एरवी दिवसा दिसत नाही. त्या दुपारी सगळेच्या सगळे येऊन उघाडीशी उभे राहिले. लहानमोठे, रांगेत, खाडीकडे तोंड करून. शेपूट हलत नव्हतं. दार बंद होतं. मी तिथे उभा होतो, माझी सावली त्यांच्यावर पडली होती, आणि एकही मासा दचकला नाही. माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे: "मासे शांत."

संध्याकाळी फळ्या परत बसवल्या, घाईत, एक वाकडीच बसली. दोन दिवस मासे खरंच तरतरीत होते. मी मार्गदर्शकांना फोनवर बढाईसुद्धा मारली. चौथ्या दिवशी सकाळी आलो तर तळ्यावर आवाज येत होता. टप. टप. टप. सगळ्या पाण्यावर तोंडं. उघडत होती, मिटत होती. कल्ल्यांवर पिवळट पांढरे चट्टे, कुजलेल्या कापसासारखे. खारे भाडेकरू गेले होते, गोडे अजून पोचले नव्हते, आणि मधल्या रिकाम्या खोल्यांत जे शिरलं त्याला मासा नकोच होता, नुसती जागा हवी होती.

तुमच्या कानामागे अजून हळद होती. तुम्ही एक जिताडा उचललात, झापडीखाली अंगठा फिरवलात, हुंगलात. मग माझ्याकडे पाहिलंत. एवढंच.

सातही घरं बांधावर जमली. तुमच्या पुतण्यानं, हिराजीनं, वाकडी फळी दाखवली. "गोड्याच्या फळ्या कोनी काढल्या?"

"माझ्याकडनं उघड्या राहिल्या," तुम्ही म्हणालात. "हळदीच्या घाईत."

मी तिथेच होतो, आप्पा. चार हातांवर. माझं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, आणि पाण्यावरच्या तोंडांइतकाही आवाज त्यातून आला नाही.

म्हातारा झाला, डोळे गेले, असं म्हणत आकडी तुमच्याकडून काढून हिराजीला दिली. देव्हाऱ्याशेजारी खिळा तेवढा राहिला. तुम्ही मला स्टेशनपर्यंत सोडायला आलात. मी म्हटलं, उद्या येऊन सगळ्यांना खरं सांगतो.

"गप. तुला परत बांधावर कोन उभा करील? मंग कल्ल्यात कोन रातो ते मला कोन सांगनार?" थोडं चालून परत थांबलात. "चाळ एका दिवसात खाली केली तं गुंडच शिरनार ना, मास्तर. हे तुझ्या भिवंडीत तुला कुनी शिकवलं न्हाय?"

ते वाक्य माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष आहे. मी ते चाळीस पानांत पसरून लिहिलंय.

पुढची दोन वर्षं मी येत राहिलो, मावशींच्या हातचं कालवण जेवत राहिलो, आणि दर वेळी विषय काढायच्या बेतात असताना तुम्ही म्हणायचात, "काय म्हनतात आपले भाडेकरू?" मला ती सोय वाटायची. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं, हे मला उशिरा कळलं. तळ्याकडे तुम्ही कधी गेला नाहीत. ओटीवरची बसायची जागासुद्धा बदललीत, उघाडी दिसू नये अशी.

शेवटच्या भेटीत मी तुम्हाला उजेड दाखवायला प्लेट घेऊन आलो. आठवतं? अंधार हवा म्हणून तुम्ही भर दुपारी अंगावर गोधडी घेतलीत, डोक्यावरून, प्लेट आत. मावशी म्हणाल्या, "या वयात लपाछपी!" गोधडीचा तो ढिगारा कितीतरी वेळ हलला नाही. मला उगीच भीती वाटायला लागली. श्वासही दिसेना. मग आतून आवाज आला, "दिसला. दिसला रे. निळा हाय." तुम्ही गोधडीतून बाहेर आलात, डोळे पाणावलेले, केस उभे.

आप्पा, मी चुकीची प्लेट आणली होती. बिनमिठाची. तिच्यावर काहीसुद्धा उगवलेलं नव्हतं. हे मला गाडीत बसल्यावर दिसलं. तुम्ही तेवढा वेळ काळोखात कोऱ्या जेलीकडे बघत बसलात, आणि मला वाईट वाटू नये म्हणून निळा म्हणालात. की खरंच दिसला? हा प्रश्न मी पुढच्या खेपेला विचारणार होतो. पुढची खेप तुमच्या दहाव्याची निघाली.

तुमच्या खाजणाची रीत तुम्हीच सांगितलेली. उघाडीवाला गेला की दहाव्यानंतरच्या पहिल्या उधाणाला, दिवसाच्या भरतीला, सगळ्या फळ्या काढायच्या. पाणी आत येतं, ओहोटीला परत फिरतं, आणि त्याच्याबरोबर तोही जातो. न काढल्या तर? "मंग दाराशी उभा रातो," तुम्ही म्हणाला होतात, "खाडीकडे तोंड करून." तेव्हा मी वहीत लिहिलं होतं: लोकसमजूत, रोचक.

दहाव्याला हिराजी म्हणाला, "आप्पा उघाडीवाला व्हता, पन मेला तवा न्हवता. फळ्या निघनार न्हाईत." आणि पावसानं तळं गोडं झालंय, उधाणाचं खारं पाणी एकदम घेतलं तर मासे परत मरतील, हेही म्हणाला. ते बरोबरच होतं. बाकीची घरं खाली बघत होती. मावशी कोणाकडे न बघता एवढंच म्हणाल्या, "दहा दिस झाले, उघाडीकडनं टपटप येतंय. तुम्हाला कुनाला आयकू येतं?"

 मला येत होतं. बांधावर पाय ठेवल्यापासून येत होतं. मी ठरवलं की ती फळी गळते आहे. मग पाहिलं तर ओहोटी होती, फळ्या कोरड्या होत्या.

मी बोललो. बसल्या जागेवरून, उभं राहायचं सुचलं नाही. फळ्या मी काढल्या, सगळ्या, एकदम. आप्पांनी नको सांगितलेलं. वाकडी मी बसवली. सगळं सांगितलं, "मासे शांत" पर्यंत.

हिराजी माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. मग म्हणाला, "दोन वर्सं आमच्यात जेवलास तू मास्तर. काटे कसे लागले न्हाईत तुला?" कोणीतरी म्हणालं, याला खाडीत ढकला. दुसरं कोणी म्हणालं, पाणी नासेल. मला हसू आलं असतं, पण मावशी उठून समोर आल्या.

"दोन वर्सं त्यांनी उघाडीकडं तोंड केलं न्हाय. तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

"नी तू कालवन मागून घेत व्हतास."

"हो, मावशी."

त्यांनी मला माफ केलं असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्यांनी हिराजीपुढे हात पसरला. त्यानं आकडी आणून त्यांच्या हातात ठेवली, तुमच्या घरातून नेली तशीच, दोन्ही हातांनी. त्यांनी ती माझ्या मांडीवर टाकली. "अवसेपासून. रोज एक फळी. सहा भरत्या. यांना एकदम न्हाय धाडायचं."

तेव्हा तुमच्या खाजणात पहिल्यांदा असं झालं की माणसाला निरोप द्यायला सहा दिवस लागले. मी रजा टाकली. कारण लिहिलं, जवळचे नातेवाईक. भरती रोज पाऊण तास उशिरा यायची, मी रोज तासभर आधी. पहिल्या दिवशी आकडी उलटी धरली. हिराजीनं सुलटी करून दिली. वरची फळी निघाली आणि खाडीचं पाणी बोटभर आत आलं, गढूळ, कोमट. मी बोट बुडवून जिभेला लावलं. दुसऱ्या दिवशी दुसरी फळी. तिसऱ्या दिवशी तळ्यातले जिताडे उघाडीशी येऊन उभे राहिले, रांगेत, खाडीकडे तोंड करून, आणि माझ्या मानेवर काटा आला. मग त्यातल्या एकानं शेपूट हलवलं. मग दुसऱ्यानं. वळले आणि आपापल्या कामाला गेले.

सहाव्या दिवशी शेवटची फळी काढली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. एकही मासा मेला नव्हता. पाणी आत आलं, थबकलं, आणि फिरलं. ते फिरताना बांधावर आम्ही सात घरांची माणसं आणि एक मास्तर उभे होतो. माझ्या डाव्या बाजूला एका माणसाची जागा रिकामी होती, आणि कोणीच तिथे सरकलं नाही. कोणी मुद्दाम ठेवली नव्हती. पाणी उतरलं तसे लोक सैल झाले, ती जागा आपोआप भरली. टपटप थांबली होती. कधी, ते मी ऐकलं नाही.

मावशींनी एक बोय धरून माझ्यापुढे केली. "बग." मी झापड उचलली, अंगठा फिरवला, हुंगला. चार वर्षांत मला कधी चिखलाशिवाय काही कळलं नव्हतं. या वेळी कळलं. तुमच्या ओटीचा वास होता, गोधडीचा, तुमच्या हाताचा. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "कोन हाय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली नाही. "ओळखीचं," म्हटलं. त्यांनी बोय पाण्यात सोडली.

तिथून सरळ कॉलेजात गेलो, हात न धुता. अंगठा खारट प्लेटवर टेकवला आणि प्लेट तुमच्या नळीशेजारी ठेवली. या वेळी मीठ दोनदा तपासलं. आज दुपारी स्टोअररूमचं दार आतून लावून उभा राहिलो. रफिकभाई बाहेरून विचारत होते, "सर, ठीक हो?"

कपाटात दोन उजेड आहेत, आप्पा. एक नळीत, तुमच्या नावाचा. दुसरा प्लेटवर, माझ्या अंगठ्याएवढा, रेषांसकट.

निळा आहे. तुम्ही म्हणाला होतात तसाच.

भाडेकरू आलेत. हळू आलेत. खोली मी एका दिवसात खाली करणार नाही.